रडारला पाणी दिसतं, धोका नाही दिसत

मे महिन्यात दुपारच्या फ्लाइटने नागपूरहून पुण्याला येत होतो. अर्ध्या वाटेत विमान एका बाजूला कललं, वळलं आणि बराच वेळ भलत्याच दिशेला जात राहिलं. खिडकीतून बघितलं तर लांबवर एकच पांढराशुभ्र ढग, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, वरून सपाट झालेला, दिसायला एकदम गरीब. शेजारचे काका वैतागले. "यांच्याकडे पुढं रडार असतं ना? त्यात सगळं दिसतं की. मग बघून बघून मधून काढायचं, एवढा वळसा कशाला?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता देतो.

घोळ "सगळं दिसतं" या शब्दांतच आहे. विमानातल्या रडारला नीट दिसते ती एकच गोष्ट, पाणी. तेही थेंबांच्या रूपातलं. धक्के, वीज, कोरडा बर्फ, राख यातलं काही थेट दिसत नाही, दिसलं तर अर्धवट दिसतं. बाकीचं सगळं पायलटने त्या पाण्याच्या चित्रावरून ओळखायचं असतं. म्हणजे डॉक्टर नाडी बघून पोटातलं सांगतात ना, साधारण तसलाच प्रकार.

हे रडार बसवलेलं असतं विमानाच्या नाकात. ते टोकदार नाक धातूचं नसतं बरं का, फायबरसारख्या मटेरियलचं असतं, कारण धातू असता तर रेडिओ लहरी बाहेरच पडल्या नसत्या. त्याला रेडोम म्हणतात. आत एक चपटी थाळी असते, ती डावीकडे उजवीकडे मान हलवत राहते आणि समोर रेडिओ लहरींचे छोटे छोटे झटके सोडते. आपण कोकणकड्यावर उभं राहून हाक मारतो आणि ती परत येते, तसंच. हाक किती वेळाने परत आली त्यावरून अंतर कळतं, फक्त इथे वेग प्रकाशाचा आहे, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्यामुळे १५० किलोमीटरवरच्या पावसाचं उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागात हातात येतं.

गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांना पाऊस म्हणजे नुसती कटकट वाटायची. शत्रूचं विमान शोधायचं सोडून स्क्रीनवर पावसाचे डाग. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हे डाग पण कामाचे आहेत.

आता परत येणारी हाक किती जोरात येते हे थेंबाच्या आकारावर ठरतं, आणि ते कसं ठरतं हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा विषय संपला. थेंब दुप्पट मोठा असेल तर सिग्नल दुप्पट नाही येत, चौसष्टपट येतो. तिप्पट मोठा असेल तर ७२९ पट. गणिताच्या भाषेत व्यासाचा सहावा घात. म्हणजे ३ मिलिमीटरचा एकच टपोरा थेंब १ मिलिमीटरच्या ७२९ थेंबांएवढा आवाज करतो. म्हणून रडारला रिमझिम पाऊस जेमतेम दिसतो आणि वळवाचे टपोरे थेंब, ओल्या गारा एकदम डोळ्यात भरतात. ढग स्वतः, म्हणजे आपल्याला जो पांढरा कापूस दिसतो तो, विमानाच्या रडारला जवळपास दिसतच नाही, कारण त्याचे कण फारच बारीक. खिडकीतून दिसणारा ढग आणि कॉकपिटच्या स्क्रीनवरचा ढग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे काकांना सांगायचं राहिलं.

स्क्रीनवर रंग साधे असतात. काळा म्हणजे काही परत आलं नाही, हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा मध्यम, लाल जोरदार. बऱ्याच विमानांत जांभळट गुलाबी रंग पण असतो, त्याचं पुढे सांगतो. सिग्नल ट्रॅफिक लाइटसारखा वाटतो, पण इथे हिरवा म्हणजे "जा" असं नाहीये. आणि काळा म्हणजे "मोकळं" असं तर बिलकुल नाही.

काळ्या रंगाने किती फसवलं त्याचं एक उदाहरण आहे, ४ एप्रिल १९७७, अमेरिकेतली सदर्न एअरवेजची फ्लाइट २४२. डीसी-९ विमान, हंट्सव्हिलहून अटलांटाला निघालेलं, छोटासा प्रवास. मध्ये जॉर्जिया राज्यावर वादळांची रांग उभी होती. विमानाच्या रडारवर जोरदार पाऊस दिसत होता, आणि ती समोरची जागा म्हणजे मोकळी फट आहे की नाही यावर कॉकपिटमध्ये दोघांचं बोलणं चाललेलं, ते रेकॉर्डरवर आलंय. विमान आत शिरलं आणि आत इतका पाऊस आणि गारा की दोन्ही इंजिनं गेली. शेवटी न्यू होप नावाच्या गावात हायवेवर उतरवायचा प्रयत्न केला. विमानातले ६३ आणि जमिनीवरचे ९ अशी ७२ माणसं गेली.

असं का होतं ते बघा. विमानातल्या रडारची लहर साधारण ३ सेंटीमीटरची असते. का, तर नाकात मावेल एवढ्या थाळीतून बऱ्यापैकी बारीक झोत काढायचा तर लहर छोटीच लागते. पण छोटी लहर मुसळधार पावसात शिरली की पाणीच तिला खाऊन टाकतं. दोरीवर एकामागे एक ओल्या गोधड्या वाळत घातल्यात आणि तुम्ही पहिल्या गोधडीवर बॅटरी मारताय, असं समजा. पहिली लख्ख दिसेल, मागच्या तीन आहेत की नाहीत ते कळणारच नाही. स्क्रीनवर लाल पट्टा आणि त्याच्या मागे काळं, तर ते काळं मोकळं आभाळ असेल किंवा रडारची नजरच तिथपर्यंत पोचली नसेल. याला रडारची सावली म्हणतात. ती ओळखायची एक युक्ती आहे, थाळी थोडी खाली झुकवायची म्हणजे आजूबाजूची जमीन स्क्रीनवर दिसायला लागते. सगळीकडे जमीन दिसतीये आणि वादळाच्या बरोब्बर मागे तेवढी जमीन गायब, म्हणजे तिकडे सिग्नल पोचतच नाहीये. तिकडे जायचं नाही. सदर्नच्या अपघाताच्या तपासात, वादळातून वाट काढायला विमानातल्याच रडारवर भरवसा ठेवला, हे एक कारण म्हणून नोंदवलं गेलं. विमानातलं रडार वादळ टाळायला असतं, वादळात शिरून वाट शोधायला नाही. काकांचं "बघून बघून मधून" याच कारणाने बाद.

थाळी झुकवणे हा प्रकार मला वाटतं सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो, त्यामुळे इथे जरा थांबू. रडारचा झोत टॉर्चसारखा पसरत जातो. मोठ्या प्रवासी विमानात तो साधारण ३ अंश रुंद असतो. ऐकायला बारीक वाटतं, पण १०० सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर) तोच झोत ३० हजार फूट जाडीचा होतो. एवढ्या जाड ब्रशने ढगाचं बारीक चित्र काय काढणार? आणि झोत कुठे मारायचा हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे उंच गडगडाटी ढग ५० हजार फुटांच्या वर जातात, विमान उडतंय ३५ हजार फुटांवर. साहजिक वाटतं की सरळ समोर बघावं. पण त्या उंचीवर ढगात पाण्याचे थेंब नसतात, बर्फाचे कोरडे कण असतात. बर्फ रडारला पाण्याच्या साधारण पाचवा हिस्साच सिग्नल परत देतो, कण बारीक असले तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे समोर राक्षस उभा आहे आणि स्क्रीनवर हलका हिरवा ठिपका. म्हणून पायलट थाळी खाली झुकवून ढगाच्या पोटात बघतात, जिथे बर्फ वितळून पाणी होतं तिथे. पावसाळ्यात आपल्याकडे ही पातळी १६ ते १८ हजार फुटांच्या आसपास असते. तिथला लाल भाग किती वरपर्यंत चढलाय हे थाळी हळूहळू वर उचलून मोजायचं. नवीन विमानांत रडार स्वतःच वेगवेगळ्या कोनांतून बघून सगळं एकत्र जुळवतं, पायलटला सारखं बटण फिरवायला लागत नाही. पण मागे भौतिकशास्त्र तेच.

लाल किती उंच गेलाय हे एवढं महत्त्वाचं का, तर वळीव आणि जुलैचा पाऊस यातला फरक बघा. जुलैत मुंबईत संततधार चालू असते, पाणीच पाणी, रडारवर पण चांगलं दिसतं, पण ढगात वर चढणारी हवा तशी मवाळ असते आणि जड पाणी खालच्या थरातच राहतं. विमान हलतं, पण सहसा उधळत नाही. मे महिन्यातला वळीव म्हणजे वेगळंच प्रकरण. तापलेली जमीन, हवा सुसाट वर जाते, आणि टपोरे थेंब न् गारा ३० हजार फुटांवर उचलून धरते. एवढं वजन एवढ्या उंचीवर तरंगतंय म्हणजे खालून केवढा जोर लागत असेल! तोच जोर विमानाला लागला की चहाच्या ट्रॉल्या छताला. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानात उतरताना असेच धक्के बसले, १४ प्रवासी आणि ३ केबिन क्रू जखमी झाले.

पायलट अजून काय काय बघतात? हिरवा ते लाल हा प्रवास किती अंतरात होतो ते. रंग हळूहळू बदलत असतील तर ठीक, पण हिरव्याला चिकटूनच लाल असेल तर समजायचं की तिथे हवा एकमेकींत घुसतीये. डागाला हुक, बोट किंवा यू सारखा आकार आला तर गारांची शंका. दर मिनिटाला आकार बदलत असेल तर लांबूनच नमस्कार. अमेरिकन नियामकांचा सल्ला आहे की जोरदार वादळापासून निदान २० सागरी मैल लांब राहा, आणि दोन वादळांच्या मधून जायचं तर मधली फट ४० मैलांपेक्षा कमी नको. शक्यतो वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने वळसा घ्यायचा, कारण ढग गारा फेकतो त्या वाऱ्याच्या दिशेने पुढे, कधीकधी ढगाच्या बाहेर अगदी स्वच्छ आभाळात. तर काकांचा तो गरीब पांढरा ढग टाळायला एवढा मोठा वळसा का, ते यात आलं.

आता तो जांभळट गुलाबी रंग. प्लॅटफॉर्मवर उभं असताना न थांबणारी मेल भोंगा वाजवत जाते तेव्हा येताना आवाज चढा आणि जाताना उतरलेला ऐकू येतो ना, तोच डॉप्लर परिणाम. थेंब आपल्याकडे येतोय की लांब चाललाय आणि किती वेगाने, हे परत आलेल्या लहरीवरून कळतं. एकाच ठिकाणचे थेंब वेगवेगळ्या वेगाने सैरावैरा पळत असतील तर तिथली हवा खवळलेली आहे, मग रडार तो भाग जांभळट दाखवतं. पण दोन अडचणी. एक म्हणजे हे जवळच्याच टप्प्यात जमतं, साधारण ४० मैल. दुसरी म्हणजे थेंब असायला हवेत. स्वच्छ निळ्या आभाळात जे धक्के बसतात त्यात पाणीच नाही, त्यामुळे रडार ढिम्म.

डॉप्लरचा खरा उपयोग झाला तो जमिनीजवळ, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. टेड फुजिता नावाचे जपानी शास्त्रज्ञ, तरुणपणी त्यांनी नागासाकी आणि हिरोशिमात बॉम्बनंतरची पडझड अभ्यासलेली, मधोमध एक बिंदू आणि तिथून चारी बाजूंना आडवं झालेलं सगळं. पुढे अमेरिकेत १९७४ च्या टोर्नेडो वादळांनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना जंगलात झाडं तशीच चांदणीसारखी आडवी पडलेली दिसली. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ ला, न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरताना ईस्टर्नची फ्लाइट ६६ कोसळली, शंभराहून जास्त माणसं गेली. फुजितांनी नोंदी तपासून सांगितलं की ढगातून थंड हवेचा एक लोंढा सरळ खाली आदळतो आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरतो, विमान त्यात सापडलं. बऱ्याच हवामानतज्ज्ञांना पटलं नाही. मग १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून बसले आणि त्यांचा तो लोंढा, म्हणजे मायक्रोबर्स्ट, खरोखर रडारवर पकडला.

मायक्रोबर्स्ट इतका जीवघेणा का? छतावरून बादली उपडी करा, पाणी फरशीवर आपटून सगळीकडे पळतं. उतरणारं विमान त्या पसाऱ्यात एका बाजूने शिरतं. आधी समोरून जोरदार वारा लागतो, विमान उचललं जातं, पायलटला वाटतं वेग जास्त झाला, तो इंजिनाची ताकद कमी करतो. लगेच वरून लोंढा खाली दाबतो. आणि पलीकडे गेल्यावर तोच वारा मागून लागतो, म्हणजे पंखावरून वाहणारी हवा एकदम कमी, उचल गेली, खाली जमीन जेमतेम काही शे फुटांवर. हा सगळा खेळ ४ किलोमीटरपेक्षा लहान जागेत आणि काही मिनिटांत संपतो. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला डेल्टाची फ्लाइट १९१ अशीच गेली, १३७ बळी. विमानात रडार होतं, पण त्याला पाऊस दिसायचा, वारा नाही.

त्यानंतर मात्र अमेरिकेने मनावर घेतलं. मोठ्या विमानतळांजवळ या कामासाठीच खास डॉप्लर रडार बसवले, झोत अर्ध्या अंशाच्या आसपास, आणि धोक्याच्या वेळी जमिनीलगतची हवा दर मिनिटाला तपासतात. इकडे नासाने एका बोईंग ७३७ मध्ये रडार बसवून मुद्दाम मायक्रोबर्स्टच्या शोधात उड्डाणं केली, आणि १९९४ पासून प्रवासी विमानाच्या नाकातलं रडारच समोरच्या वाऱ्याचा अंदाज द्यायला लागलं. एका जागी थेंब आपल्याकडे येतायत आणि थोडं पुढे तेच लांब पळतायत असं जोडीने दिसलं की कॉकपिटमध्ये आवाज येतो, "विंडशिअर अहेड", म्हणजे पुढे वारा एकदम बदलतोय. इशारा १० ते ६० सेकंद आधी मिळतो. आपल्याला १० सेकंद म्हणजे काहीच नाही वाटत, पण इंजिनाला पूर्ण ताकद देऊन नाक वर करायला पायलटला तेवढे पुरतात.

"मग जमिनीवर इतके रडार आहेत, विमानात कशाला" असंही कोणी विचारतं. जमिनीवरचे वेगळ्या जातीचे. मुंबईत हवामान खात्याचा एक कुलाब्याला आहे, १० सेंटीमीटरच्या लहरीचा, ती मुसळधार पावसातूनही आरपार जाते, गोधडीची अडचण फारशी येत नाही. दुसरा वेरावलीला, २०२२ पासून, साधारण ५ सेंटीमीटरचा. नागपूर आणि गोव्यातही आहेत. पण असा रडार गोल गोल फिरत एकेक कोन वर चढवत पूर्ण आभाळ बघतो, त्याला काही मिनिटं लागतात. आपल्या फोनवर चित्र येईपर्यंत ते अजून शिळं होतं, आणि वळवाचा ढग तेवढ्यात कुठल्या कुठे वाढतो. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला ते होर्डिंग पडलं तो दिवस, तेव्हा विमानतळ तासाभराहून जास्त बंद ठेवला आणि विमानं दुसरीकडे वळवली. अशा वेळी दोन्ही रडार लागतात, जमिनीवरचा मोठं चित्र देतो, नाकातला आत्ता समोर काय आहे ते.

आणि दिसलं म्हणजे सुटलो असंही नाही. २१ मे २०२५, दिल्लीहून श्रीनगरला जाणारं इंडिगोचं विमान, दोनशेच्या वर लोक, पठाणकोटजवळ समोर गारांचं वादळ. वैमानिकांनी सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मागितली, मिळाली नाही. लाहोरकडे विचारलं, तिथूनही नाही, तेव्हा दोन्ही देशांनी हवाई हद्द एकमेकांना बंद केलेली. मागे फिरायचं म्हटलं तर ढग अगदी जवळ आलेला. शेवटी त्यातूनच काढलं आणि श्रीनगरला सुखरूप उतरवलं. उतरल्यावरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, नाक फुटलेलं. ज्या नाकात रडार असतं तेच.

बर्फाच्या कणांचं वर म्हटलं, त्याचं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे एअर फ्रान्स ४४७, १ जून २००९, अटलांटिकवर. उंचावरच्या बर्फकणांनी वेग मोजायच्या नळ्या तुंबल्या, पुढे गोंधळ होत विमान समुद्रात गेलं, २२८ माणसं. अपघाताची कारणं बरीच होती, नुसतं रडारवर ढकलता येणार नाही. पण त्याच वाटेने मागून येणाऱ्या दुसऱ्या एका विमानाच्या पायलटनी रडारची संवेदनशीलता पूर्ण वाढवली तेव्हा कुठे त्यांना ढगाचा खरा आकार दिसला आणि त्यांनी वळसा घेतला, हे तपास अहवालात आहे. एका बटणाचा फरक.

राखेच्या बाबतीत तर तेवढीही सोय नाही. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं जम्बो, लंडनहून मुंबई, क्वालालंपूर करत ऑकलंडच्या वाटेवर, रात्री जावा बेटाजवळ होतं. रडारवर काहीच नाही, स्वच्छ. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख होती ती, कोरडी, पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे रडारच्या लेखी तिथे काही नव्हतंच. चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली. विमान घसरत घसरत राखेच्या खाली आलं तेव्हा इंजिनं परत सुरू झाली, आणि जकार्ताला सगळेच्या सगळे सुखरूप उतरले. उतरताना पुढच्या काचा राखेने घासून घासून इतक्या दुधाळ झाल्या होत्या की वैमानिकांना काचेच्या कडेला उरलेल्या एका अरुंद पट्टीतून धावपट्टीचे दिवे बघायला लागले.